धुऱ्यावरची झाडं आणि कपाटातली नोंदवही

प्रश्न: सर, आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत माझं नाव आहे, हे मला परवा ग्रामसभेत कळलं. समितीची जैवविविधता नोंदवही मागून घेतली. 2020च्या सुमारास कुणीतरी घाईत करून दिलेली, त्यात आमच्या शिवाराचं नावालाही काही नाही. इकडे शेजारचे भाऊबंद सामाईक धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, जेसीबीनं सपाट करायला निघालेत. त्यावर बोरी आहेत, हिवर आहे, एक जुनी चिंच आहे. समितीला हे थांबवता येतं का? खासगी रानात आमचं कोण ऐकणार?
– एक वाचक, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर: ताई, आधी चिंचेचं बघा, बाकीचं नंतर. चिंच, आंबा, जांभूळ, मोह ही झाडं 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय हद्दीवरचा धुरा एकट्यानं मोडायचा नसतो. तहसीलमध्ये गट नंबर घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मोबाईलवर झाडाचे आणि धुऱ्याचे फोटो काढून ठेवा. बोर आणि हिवर त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी बोलूनच वाट काढावी लागेल.

समितीचं म्हणाल, तर खासगी रानात कुणाचा हात धरायचा अधिकार तिला नाही. 2002च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला ही समिती नेमायला लावली. गावातल्या जैवविविधतेचं जतन आणि तिची नोंद हे तिचं काम. व्यापारासाठी गावाच्या हद्दीतून कुणी वनस्पती गोळा करून नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्कही घेता येतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठानं, नोंदवह्यांसाठी 31 जानेवारी 2020ची मुदत घातली आणि राज्यभर धावपळ झाली. तुमची वही त्याच धावपळीतली दिसते. अशा वह्या मी पाहिल्या आहेत. गाव बदललं तरी झाडांची यादी तीच. मला याचा फार त्रास होतो, कारण कायद्यात पिकांचे गावरान वाण आणि पाळीव जनावरांच्या जातीसुद्धा नोंदवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दगडी ज्वारीचं बियाणं कुणाच्या कणगीत आहे, लालकंधारी बैलजोडी कुणाच्या दावणीला आहे, उस्मानाबादी शेळ्या कोण राखतं, हे सगळं त्या वहीत यायला हवं.

तेव्हा वही तुम्ही नव्यानं लिहायला घ्या. पावसाळ्यात खुरपायला जाणाऱ्या जुन्या बायकांना सोबत घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चाला. त्या वाकून एकेक पान खुडतील: कुर्डू, पाथरी, घोळ, तांदुळजा, तरोटा. यातलं भाजीला काय आणि कुठल्या महिन्यात कोवळं मिळतं, ते त्यांच्या तोंडून जसं येईल तसं लिहा. शेंदाडं आणि वाळकं मुगा-ज्वारीत आपोआप उगवायची, आता कुठे दिसतात तेही विचारा. सोयाबीनमध्ये तणनाशक फिरलं की हे वेल आधी जातात आणि धुऱ्याच्या कडेलाच काय ते तग धरतात. प्रत्येक नोंदीपुढे गट नंबर, महिना, वापर आणि सांगणारीचं नाव घाला, तेही तिला विचारून. मग ती वही ग्रामसभेत वाचून ठराव घ्या.

भाऊबंदांशी बोलताना कायदा पुढे करू नका. सावलीत पीक बसत नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. उन्हाळ्यात खालच्या फांद्या छाटायची तयारी दाखवा. पण तुरीचंही बोला. शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी कृषी विभाग रानात पक्षिथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, लावायला सांगतो; धुऱ्यावरचं झाड तेच काम करतं. बोरीच्या शेंड्यावर बसणारा कोतवाल उडता किडा टिपून परत त्याच फांदीवर येतो, साळुंक्या खाली उतरून अळ्या वेचतात. एक हंगाम त्यांना धुऱ्यालगतच्या आणि मधल्या ओळींतल्या शेंगा फोडून बघायला सांगा. शिवाय उतारावरची माती धुरा अडवतो. या भागात 1972च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधबंदिस्ती केलेली माणसं अजून आहेत. तुमच्या गावात कुणी असेल तर त्यांनाच बोलायला न्या, त्यांचा शब्द माझ्या लेखापेक्षा जड पडेल.

आणि समितीचा खरा जोर चालतो तो सार्वजनिक जागेत. गायरान, ओढ्याचा काठ, पांदण. पांदण रस्ता मंजूर झाला की दोन्ही बाजूंची झाडोरी मशीननं साफ होते आणि धुऱ्याहून जास्त नुकसान एका दिवसात होतं. काम सुरू व्हायच्या आधी कुठलं झाड ठेवायचं, ते वहीतल्या नोंदीसह ठरावात घालून घ्या आणि झाडाच्या बुंध्याला चुना मारून ठेवा. मनरेगातून बांधावर फळझाडं लावता यायची, आता ते कुठल्या योजनेतून होतं ते विचारून त्याचाही अर्ज त्याच बैठकीत द्या. भाऊबंदांनी बोरी काढल्याच, तर निदान त्या जागी सीताफळ लावायला राजी होतील.