गोठ्यात रेल्वे मांडताना

प्रश्न : गावाकडचा पत्र्याचा जुना गोठा रिकामा आहे. तिथे एचओ मापाची (१:८७) मॉडेल रेल्वे कायमची मांडायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जमिनीपासून. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातले क्षार ओलावा ओढतात. नुसता कोबा केलात तर लोणा (क्षारांचा पांढरा थर) वर येतोच. वीतभर माती काढा, मुरूम ठोका, २५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरा, मग काँक्रीट. पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवाच. निकेल-सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू) ६ मीटर रूळ २० अंशांनी तापला की साधारण २ मिमी वाढतो, आणि जागा नसली की वाकतो. थंडीत मांडत असाल तर दर मीटरला अर्धा मिमी फट सोडा. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला मात्र स्वतंत्र वायर सोल्डर करा. दोन तुकडे जोडणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर राहिलात तर इंजिन अडखळणार. आणि हो, उंदरांची बिळं आधी बुजवा!