बोस्टनसारख्या श्रीमंत शहराने 2024 चं ऑलिंपिक का नाकारलं?

एका सहीमुळे. तुम्ही अहमदाबादला 2036 चं ऑलिंपिक भरवण्याचा विषय निघालाय म्हणून विचारताय, तर जरा सविस्तर सांगतो. मी तेव्हा बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात राहत होतो.

जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने देशातर्फे दावेदार शहर म्हणून बोस्टनची निवड केली. करदात्यांच्या खिशाला हात लागणार नाही, असं आयोजक सांगत होते आणि मलाही ते पटलं होतं. मग बर्फ सुरू झाला. त्या हिवाळ्यात शंभर इंचांहून जास्त पडला. फेब्रुवारीत तर शहरातल्या लोकल रेल्वेगाड्याच बंद पडल्या. कमरेएवढ्या बर्फातून खणलेल्या वाटेत आम्ही बससाठी ताटकळायचो आणि रांगेत विषय एकच: रूळ धड सांभाळता येत नाहीत, मग स्टेडियम कसलं बांधताय? जानेवारीत निम्मे लोक बाजूने होते, मार्चमध्ये 36 टक्के उरले.

पुढे वस्त्यावस्त्यांत सभा झाल्या. आमच्याकडची एका शाळेच्या हॉलमध्ये होती. नकाशे देखणे होते. शहरातल्या विडेट सर्कल भागात 60 हजार प्रेक्षकांचं तात्पुरतं स्टेडियम. मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "खर्च वाढला तर भरणार कोण?" विमा काढू, असं उत्तर आलं. "विमा पुरला नाही तर?" त्यावर कुणी बोललं नाही.

खरी गोम तिथेच आहे. तूट आली तर ती भरून देण्याची हमी ऑलिंपिकच्या करारात शहराकडून घेतली जाते. आंतरराष्ट्रीय समिती तो भार उचलत नाही. पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकीच ऑलिंपिकमध्ये तूट अशक्य, असं मॉन्ट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो छातीठोकपणे म्हणाले होते. तिथलं 1976 चं कर्ज फिटायला 2006 उजाडलं, तेही तंबाखूवर कर लावून.

27 जुलैला महापौर मार्टी वॉल्श यांनी त्या हमीवर इतक्यात सही करणार नाही, असं जाहीर केलं. त्याच दिवशी बोस्टनचा दावा संपला. मला त्यांचा तो निर्णय आजही योग्य वाटतो.

बोस्टनच्या जागी लॉस एंजेलिस उभं राहिलं आणि त्याला 2028 मिळालं. तिथे हमी दिली गेली आहे: तुटीतले पहिले 27 कोटी डॉलर शहर भरणार, पुढचे 27 कोटी कॅलिफोर्निया राज्य आणि त्याच्या वरचं सगळं पुन्हा शहर.