ब्लेंडरमध्ये (3डी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) चेंडू खाली पडताना खरा का वाटत नाही? वर एक की (त्या फ्रेमला वस्तू कुठं आहे याची खूण) लावली, जमिनीवर एक, मध्ये 60 फ्रेम आहेत, तरी पाण्यात बुडाल्यासारखा येतोय.

माझंपण सुरुवातीला हेच झालेलं. आमच्या गल्लीच्या गणपतीला, इथं बेळगावात, देखाव्याच्या स्क्रीनवर झाडावरनं नारळ पडतो असं दाखवायचं होतं, रात्रभर बसून केलं आणि शेजारचे काका बघून म्हणाले, नारळ हाय का कापूस ओ? आणि कन्नड दोस्त हसत म्हणाला 'निधान बरतैती', म्हणजे लई सावकाश येतंय.

तुमच्यात दोन चुका आहेत बघा. पहिली वेळेची. चेंडू साधारण 3 मीटरवरनं, म्हणजे एका मजल्याच्या स्लॅबवरनं सोडला तर खाली यायला पाऊण सेकंदाच्या जरा वर लागतात, सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबानं 19 फ्रेम. तुम्ही 60 दिलाय, मग तरंगणारच की.

दुसरी जास्त महत्त्वाची. दोन की लावल्या की ब्लेंडर त्यांच्यामधला कर्व्ह (वेळेनुसार जागा कशी बदलते ती रेघ) आपोआप दोन्ही टोकांना मऊ करतो, म्हणजे हळू सुरू आणि हळू बंद. दार उघडणं, ड्रॉवर ओढणं, उद्यमबागेतल्या कारखान्यात पिस्टन पुढंमागं होतो तसलं काही असेल तर हे चालतं, कारण तिथं थांबवणारा कुणीतरी असतो. पडणाऱ्या वस्तूला कोण थांबवणार? ती जमिनीला लागेपर्यंत वेग वाढवतच येते. त्यामुळं ग्राफ एडिटर उघडा, उंचीचा कर्व्ह घ्या, जमिनीवरची की सिलेक्ट करून कीबोर्डवर व्ही दाबा आणि हँडल (कीला जोडलेली, कर्व्हला वाक देणारी दांडी) व्हेक्टर, म्हणजे सरळ प्रकारचं, करा. तेवढ्यानं जरा सपाटच राहतं, म्हणून मागचं हँडल धरून अजून वर ओढा, टोक तिथं चांगलं अणकुचीदार दिसलं पाहिजे. वरची की मात्र मऊच ठेवा.

उसळी द्यायची तर प्रत्येक वेळी उंची निम्मी आणि फ्रेम 0.7 नं गुणायच्या, म्हणजे पडताना 19, मग वर 13 खाली 13, मग 9 आणि 9, असं. उंची निम्मी केली म्हणून वेळपण निम्मा करू नका, तिथंच सगळे फसतात. आडवी चाल एकसारख्या वेगानं, म्हणजे लिनिअर.

आणि जड दाखवायचं म्हणून लवकर पाडू नका, लोखंडी गोळा आणि रबरी चेंडू एकाच वेळात खाली येतात (कागद, पिसं सोडा, त्यांना हवा अडवते). वजन कळतं ते जमिनीला लागल्यावर. रबर उसळतो, गोळा धप्प करून बसतो. माझ्या नारळाला मी आधी चार उसळ्या दिल्या होत्या, काकांनी कापूस म्हटलं ते खोटं नव्हतं, मग एकच बारकी उसळी आणि अर्धा गरका ठेवला.

मध्ये जास्त की टाकून दुरुस्त करत बसू नका, धक्के दिसायला लागतात. मोबाईलवर खरा चेंडू पडताना शूट करा, फ्रेमफ्रेम पुढं सरकवत बघा आणि प्रोजेक्टचा फ्रेमरेट त्या व्हिडिओएवढाच ठेवा, तो 24 नसेल तर वरचा 19 चा हिशोबपण बदलेल.