वाचकांचे प्रश्न : शाफई फिकह शिकताना, शिकवताना

प्रश्न : भाचा उत्तर भारतातल्या मदरशातून आलिम होऊन आला आहे. शिक्षण सगळं हनफी. आता कोकणातल्या आमच्या शाफई मोहल्ल्यात मकतब (मुलांची धार्मिक शाळा) सांभाळायचं आहे. सुरुवात कुठून करावी? (रायगड जिल्हा)

अरबी येतं, म्हणजे निम्मं काम झालं. हनफी आणि शाफई हे सुन्नी फिकहचे, म्हणजे धर्माच्या आचारनियमांचे, दोन मसलक (पंथ). अडचण आहे ती सवयीची. हनफी किताबांत वुजूचे (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याचे) फर्ज, म्हणजे अनिवार्य भाग 4, शाफईत 6. तोंड धुताना केलेली नियत (मनातला संकल्प) आणि अवयवांचा क्रम हे दोन वाढतात. डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) तिकडे चौथ्या हिश्श्याचा, इकडे थोडासा भाग पुसला तरी पुरतो. सगळ्यात जास्त चूक होते ती सजदा सहूला, म्हणजे नमाजातल्या चुकीबद्दल करायच्या सजद्याला : हनफी इमाम सलाम फिरवून सजदा करतो, शाफई सलामाच्या आधी. फजरचा कुनूत (पहाटेच्या नमाजातली उभ्याने म्हणायची दुआ) राहिला तरी हा सजदा आहे, हे नव्या इमामाच्या ध्यानातच नसतं. असे फरक भाच्याने एका वहीत उतरवावेत, पण ती वही मुलांपुढे उघडू नये. आठ-दहा वर्षांच्या पोराला दोन्ही मसलक एकदम सांगितले की त्याला एकही धड येत नाही.

मुलांना 'सफीनतुन्नजा' ही सुरुवातीची छोटी किताब पुरे. भाच्याने स्वतः अबू शुजांचं मतन (मूळ पाठ) 'फत्हुल करीब' या शरहसकट (टीकेसकट) शाफई उस्तादापुढे बसून वाचावं, तेही शेवटच्या बाबापर्यंत (प्रकरणापर्यंत). बरेच जण हजवर थांबतात, आणि मग निकाह किंवा वारसाहक्काचा मसला (प्रश्न) आला की जुन्या हनफी पाठांतरावरून उत्तर देऊन मोकळे होतात. त्यानंतर 'फत्हुल मुईन'. ही सोळाव्या शतकातली किताब केरळातल्या पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूम यांची, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची. मग इमाम नववींचा 'मिन्हाज'. तिथे शब्द जपून वाचायचे : 'अजहर' आणि 'मशहूर' हे खुद्द इमाम शाफईंच्या मतांविषयी, 'असह' आणि 'सहीह' हे त्यांच्या अनुयायांच्या मतांविषयी. 'अजहर' किंवा 'असह' लिहिलं असेल तर विरुद्ध मतही वजनदार आहे. 'मशहूर' किंवा 'सहीह' असेल तर ते कमजोर आहे. 'असह' दिसलं की "इमाम शाफई म्हणतात" असं सांगून टाकणारे शिक्षक पुष्कळ आहेत. ते चूक आहे.

प्रश्न : 'दोन कुल्ले पाणी' मुलांना कसं समजावावं? 500 रतल म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. (रत्नागिरी)

कळणार कसं? बगदादचं रतल हे वजन कुणी पाहिलंय! दोन कुल्ले ही पाण्याची एक मर्यादा : त्याहून कमी ते 'कमी पाणी'. किताबांतच दुसरं माप आहे : लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी सव्वा हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांना फळ्यावर करायला लावा. हात 48 सेंटिमीटरचा धरला तर सव्वा हात 60 सेंटिमीटर, पाणी 216 लिटर. 46 सेंटिमीटरचा धरला तर साधारण 190 लिटर. म्हणजे घरोघरचं 200 लिटरचं पिंप नेमकं काठावर येतं, आणि ते काठोकाठ भरलेलं कधीच नसतं. म्हणून पिंपाला 'कमी पाणी' धरावं. गच्चीवरच्या 500 लिटरच्या टाकीत निम्म्याहून जास्त पाणी असेल तर चिंता नाही.

फरक पडतो तो असा : कमी पाण्यात कोंबडीची विष्ठा पडली तर रंग, चव, वास काही न बदलताही ते नापाक. दोन कुल्ले असेल तर यातलं एखादं बदललं तरच. पिंपातलं पाणी ओतूनच द्यावं लागतं असं नाही. घाण काढून त्यात स्वच्छ पाणी घालत जावं. दोन कुल्ले भरले आणि रंग, चव, वास बदललेला नसेल तर ते पाक. अर्थात त्यासाठी पिंपाहून मोठं भांडं हवं. शिकवताना ही पायरी हमखास राहते.

प्रश्न : कोर्टात शाफई कायदा आपोआप लागतो का? (कायद्याची विद्यार्थिनी, मुंबई)

नाही. पक्षकार सुन्नी असला की कोर्ट त्याला हनफी गृहीत धरतं. शाफई असल्याचं दाव्यात मांडून सिद्ध करावं लागतं. निकाहाच्या प्रश्नात याला वजन आहे, कारण शाफईत सज्ञान कुमारिकेलाही वली (पालक) लागतो, हनफीत ती स्वतः निकाह करू शकते. 1864 साली मुंबई हायकोर्टापुढे हनफी मसलक पत्करलेल्या शाफई घरातल्या मुलीचं प्रकरण आलं होतं. वडिलांच्या संमतीविना झालेला तिचा निकाह कोर्टाने मान्य केला.

प्रश्न : मिन्हाजमध्ये खेकडा हराम लिहिलाय. आमच्याकडे चिंबोऱ्या पिढ्यान्‌पिढ्या शिजतात. मुलांना काय सांगू? (श्रीवर्धन)

एका ओळीवर निकाल देऊ नका. मिन्हाजमध्ये जमीन आणि पाणी दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्यांत बेडूक, खेकडा, साप हराम आहेत. तेच नववी 'मजमू' या आपल्या दुसऱ्या ग्रंथात लिहितात की समुद्रातलं सगळं हलाल, फक्त बेडूक सोडून. तेव्हा दोन्ही इबारती (मूळ उतारे) शेजारी ठेवून वाचून घ्या. खाडीतली चिंबोरी आणि शेताच्या बांधावरचा मुठा एकाच मसल्यात कोंबू नका. फतव्यासाठी जिल्ह्यातल्या शाफई मुफ्तींकडे लेखी प्रश्न पाठवा, आणि त्यात खेकडा कुठला ते नावानिशी लिहा.