लातूरची पाण्याची रेल्वे आणि एक एकर ऊस

‘माणसं कमी झाली की पाणी आपोआप पुरेल, वाटपाचं रडगाणं कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. मी लातूरचा, त्यामुळे जगाचं राहू द्या, आधी आमच्या गावचा हिशेब मांडतो.

२०१६ च्या मार्चमध्ये टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून आमच्याकडे जमावबंदी लावली होती. मांजरा धरण आटलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींची. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या, म्हणजे खेपेला पंचवीस लाख लिटर. शहर पावणेचार लाखांच्या वरचं, डोई साडेसहा लिटर. भांडी विसळलेलं पाणी आम्ही संडासला वापरायचो. पिण्याच्या कळशीवर आईचा पहारा असे, पाहुण्यालाही तांब्याऐवजी अर्धा पेला.

आता ऊस बघा. पाटाने मोकळं पाणी सोडलं तर एकरी वर्षाला ऐंशी लाख लिटर सहज जातं. त्या रेल्वेच्या तीन खेपा एका एकरात मुरल्या! माणशी रोज ५५ लिटर धरले तर तेवढ्यात चारशे माणसांचं वर्ष निघतं. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच म्हटलं होतं की राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी तोच पितो.

माणसं वाढल्याने दरडोई पाणी घटलं, हे मलाही मान्य. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. दोनसुद्धा नाहीत. पाळणा आधीच लांबलाय, आणखी किती लांबवणार? शिवाय जी माणसं जन्माला आली आहेत ती अजून पन्नास-साठ वर्षं पाणी पिणारच. पीक मात्र पुढच्या हंगामात बदलता येतं.

आणि कृपा करून ऊसवाल्याला शिव्या घालू नका (इथे दर उन्हाळ्यात तेच चालतं). माझा मामाच ऊस लावतो. तुरीचा भाव कधी कोसळेल याचा नेम नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला किमान भाव, ठरलेली, तोडणीला कारखान्याची टोळी येते. गेल्या साली मी मागे लागलो म्हणून त्याने दोन एकर तूर केली. बाकी ऊसच. म्हणाला, “उशिरा का होईना, कारखान्याचं बिल येतं तरी.”