अमेरिकेतील ‘समर सायन्स प्रोग्रॅम’मध्ये विद्यार्थी नेमके काय करतात, आणि अकरावीच्या मुलांनी अर्ज करावा का?

हा निवासी कार्यक्रम 1959 साली कॅलिफोर्नियातील ओहाय येथील थॅचर स्कूलमध्ये सुरू झाला. पुढे तो विद्यापीठांत भरू लागला आणि त्यात जीवरसायनशास्त्रासारखे विषय आले, परंतु त्याचा गाभा मला आजही खगोलशास्त्राच्या प्रकल्पातच दिसतो.

तेथे तीन-तीन विद्यार्थ्यांचे गट पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या एका लघुग्रहाची दुर्बिणीतून वेगवेगळ्या रात्री छायाचित्रे घेतात, पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या आधारे त्याचे विषुवांश व क्रांती (म्हणजे आकाशातील स्थान सांगणारे दोन कोन) अचूक मोजतात आणि किमान तीन निरीक्षणांवरून, जर्मन गणितज्ञ गाउसने 1801 मध्ये नव्याने सापडलेल्या सेरेस या खगोलासाठी वापरलेल्या पद्धतीने, त्याची कक्षा काढतात. त्यासाठीचा संगणक प्रोग्रॅम स्वतःच लिहावा लागतो. ढगाळ रात्री, हुकलेली निरीक्षणे आणि न जुळणारी उत्तरे हीच येथील खरी शिकवण आहे, कारण असे अनुभव आपल्या पाठ्यपुस्तकांतील तयार उत्तरांच्या प्रयोगांत सहसा मिळत नाहीत. शेवटी ही मोजमापे लघुग्रहांच्या जगभरातील नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवली जातात, म्हणजे ती खगोलशास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडतात.

परदेशी विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो आणि कुटुंबाच्या परिस्थितीनुसार शुल्कात सवलतही मिळते. मात्र कार्यक्रम जून-जुलैत असल्याने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे बारावीचे पहिले काही आठवडे बुडतात. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाशी आधी बोलून घ्यावे, आणि गणिताची मनापासून आवड असेल तरच अर्ज करावा. केवळ परदेशी प्रवेशाला वजन यावे म्हणून करू नये.