नव्या प्रशिक्षकासाठी: आधी पडायला शिकवा

मार्शल आर्ट्सच्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं असतील तर ठोसे-लाथांची घाई नको. आधी पडणं शिकवा. ज्यूदोत याला उकेमी म्हणतात. मागे पडण्याची सुरुवात उताणं झोपून, मग उकिडवं बसून, उभ्याने सगळ्यात शेवटी. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर आपटायचा, श्वास सोडत. घाबरलेलं मूल हात मागे टेकवतं आणि मनगट दुखावतं ते तिथेच. तसं दिसलं की पुन्हा उकिडवं.

वर्गात मुलांना गोष्ट सांगणार असाल तर ती तासाच्या शेवटी ठेवू नका, तेव्हा मुलं दमलेली असतात. मध्ये, पाणी पिऊन झाल्यावर, तीन-चार मिनिटांची पुरे. नायक हरतो तिथे थांबा आणि विचारा, "आता त्याच्या पोटात कसं होत असेल?" उत्तरं दुरुस्त करू नका. तात्पर्य तर मुळीच नको, मुलं ते ऐकतच नाहीत.

रडणाऱ्याला "शूर मुलं रडत नाहीत" म्हणालात, तर पुढच्या वेळी तो खरं दुखणंही लपवेल. बाजूला बसवा, परत कधी यायचं ते त्याला ठरवू द्या. शाबासकीही नेमकी हवी: नुसतं "छान" नव्हे, "या वेळी हनुवटी आत ठेवलीस".